मारांगू मार्ग

मारांगू मार्ग हा टांझानियातील किलिमांजारो पर्वतावर चढण्याचा सर्वांत जुना प्रस्थापित पायी मार्ग आहे. पर्वताच्या आग्नेय उतारावरील मारांगू गावाजवळून तो सुरू होतो आणि आफ्रिका खंडातील सर्वोच्च स्थान असलेल्या उहुरू शिखरापर्यंत (५,८९५ मीटर) जातो. किलिमांजारोच्या अन्य मार्गांवर गिर्यारोहकांना तंबूत मुक्काम करावा लागतो. मारांगू मार्गावर मात्र मांडारा, होरोम्बो आणि किबो या तीन ठिकाणी कायमस्वरूपी बांधलेले निवारे आहेत. हे निवारे 'हट' या इंग्रजी नावानेच ओळखले जातात. चढाई आणि उतराई एकाच वाटेने होते व जाऊन येऊन सुमारे ७० किलोमीटर चालावे लागते. त्यासाठी किमान पाच दिवस लागतात. बहुतेक जाणकार सहा दिवसांची शिफारस करतात.

पक्के छप्पर, झोपण्यासाठी फळ्यांचे पलंग, जेवणाची दालने आणि बरीचशी सौम्य चढण यांमुळे हा मार्ग सोपा समजला जातो. त्यावर दोर किंवा कड्यावरील चढाईचे तंत्र लागत नाही. तथापि, प्रत्येक मुक्काम आधीच्या मुक्कामापेक्षा जवळजवळ १,००० मीटर उंचावर असल्याने शरीराला विरळ हवेशी जुळवून घेण्यास अवधी अपुरा पडतो. वाटेची सुलभता आणि उंचीचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मार्गाच्या बाबतीत विशेषत्वाने लक्षात घ्यावे लागते.

स्थान आणि स्वरूप

किलिमांजारो हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीन अंशांवर, केनियाच्या सीमेलगत असलेला ज्वालामुखी पर्वत आहे. शिरा, मावेन्झी आणि किबो असे त्याचे तीन ज्वालामुखी शंकू आहेत. पश्चिमेकडील शिरा झिजून पठारासारखा झाला आहे. पूर्वेकडील मावेन्झी (५,१४९ मीटर) हा कातळकड्यांचा, चढण्यास अवघड असा सुळका आहे. या दोहोंमधील किबो सर्वांत उंच असून त्याच्या माथ्यावर विस्तीर्ण विवर आहे. उहुरू हे या विवराच्या दक्षिणेकडील कडेवरील सर्वोच्च स्थान होय. किबो हा सुप्त ज्वालामुखी असून विवराच्या मध्यभागी अजूनही काही ठिकाणी गंधकयुक्त वाफा निघतात.

मारांगू मार्ग आग्नेयेकडून जंगलातून वर चढतो, मावेन्झी आणि किबो यांच्यामधील खोगिराच्या आकाराचे उजाड पठार ओलांडतो आणि पूर्वेच्या बाजूने किबोच्या विवराच्या कडेवर पोहोचतो. आरंभीचे मारांगू प्रवेशद्वार समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे या मार्गाचा प्रारंभच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर होतो. सर्वांत जवळचे मोठे शहर मोशी होय. किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाचे मुख्यालय मारांगू प्रवेशद्वाराशीच आहे. हे उद्यान १९७३ मध्ये स्थापन झाले आणि १९८७ मध्ये त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

इतिहास

युरोपीय शोध आणि पहिली चढाई

पर्वताच्या दक्षिण व पूर्व उतारांवर चागा समाजाची वस्ती फार पूर्वीपासून आहे. केळी व कॉफीच्या बागा आणि डोंगरातून पाटाने आणलेले पाणी ही त्यांच्या शेतीची वैशिष्ट्ये आहेत. जर्मन धर्मप्रचारक योहानेस रेबमान यांनी मे १८४८ मध्ये हा पर्वत पाहिला आणि त्याच्या माथ्यावर बर्फ असल्याचे कळवले. विषुववृत्तानजीक बर्फ असू शकेल यावर युरोपातील काही भूगोलतज्ज्ञांनी विश्वास ठेवला नाही. पुढे बॅरन कार्ल क्लाउस फॉन डेर डेकेन आणि ऑटो केर्स्टेन यांनी १८६२ मध्ये सुमारे ४,२०० मीटरपर्यंत मजल मारली आणि हा वाद मिटत गेला.

जर्मन भूगोलतज्ज्ञ हान्स मायर यांचा १८८७ मधील प्रयत्न किबोच्या बर्फाच्या भिंतीपाशी थांबला. दुसऱ्या मोहिमेत, १८८८ मध्ये, किनारपट्टीवरील उठावात ते पकडले गेले आणि खंडणी देऊन सुटले. तिसऱ्या वेळी त्यांनी ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर यांना सोबत घेतले आणि मोहिमेची रचना बदलली. मारांगूला मुख्य तळ ठेवून त्यांनी वर टप्प्याटप्प्याने छावण्या उभारल्या आणि भारवाहकांकरवी खालून वर अन्न पोहोचत राहील अशी व्यवस्था केली. त्यामुळे पहिला प्रयत्न फसला तरी डोंगर सोडून खाली उतरण्याची गरज उरली नाही. ३ ऑक्टोबर १८८९ रोजी दोघे बर्फात पायऱ्या खोदत विवराच्या कडेपर्यंत पोहोचले, पण सर्वोच्च स्थान दूर असल्याने परतले. ६ ऑक्टोबर रोजी त्यांनी ते गाठले. मायर यांनी त्याला जर्मन सम्राटावरून 'कैझर विल्हेल्म शिखर' असे नाव दिले.

या यशामागे स्थानिक लोकांचा मोठा वाटा होता. मारांगूचे प्रमुख मारेआले यांनी मोहिमेला आश्रय दिला. पांगानीचे म्विनी अमानी दोन्ही गिर्यारोहकांसोबत ४,००० मीटरहून उंच असलेल्या छावणीत थंडीवाऱ्यात राहिले व तेथील स्वयंपाकपाणी त्यांनी सांभाळले. पहिल्या चढाईच्या शताब्दीच्या निमित्ताने, १९८९ मध्ये, मारांगूचे योहानी किन्याला लाउवो यांचा मायर यांच्या मोहिमेतील वाटाडे म्हणून गौरव करण्यात आला. त्यांच्या सहभागाच्या तपशिलाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

निवाऱ्यांची उभारणी आणि नामांतर

मायर यांच्या छावण्यांची साखळी ज्या दिशेने गेली, साधारण त्याच दिशेने पुढे निवाऱ्यांची साखळी उभी राहिली. जर्मन राजवटीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, जंगलाच्या वरच्या सीमेजवळ 'बिस्मार्क हट' आणि त्याच्या वर 'पीटर्स हट' हे निवारे बांधले गेले. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. त्या काळात, १९३० च्या दशकात, किबोच्या पायथ्याशी 'किबो हट' उभा राहिला. १९७० च्या दशकात नॉर्वेच्या साहाय्याने खालच्या दोन मुक्कामांवर उतरत्या छपरांची त्रिकोणी लाकडी घरे बांधण्यात आली. आज दिसणारे निवारे मुख्यत्वे त्याच घडणीचे आहेत.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. त्या प्रसंगी लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा यांनी शिखरावर नव्या राष्ट्राचा ध्वज फडकावला आणि मशाल पेटवली. कैझर विल्हेल्म शिखराचे नाव 'उहुरू' असे झाले. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. निवाऱ्यांची नावेही बदलली. बिस्मार्क हट 'मांडारा' झाला आणि पीटर्स हट 'होरोम्बो'. मांडारा हे मोशीचे, तर होरोम्बो हे पूर्वेकडील केनी भागाचे एकोणिसाव्या शतकातील चागा प्रमुख होते. वसाहतकालीन काही नावे मात्र टिकून आहेत. वरच्या वाटेवरील 'हान्स मायर गुहा' आणि विवराच्या कडेवरील 'गिलमन्स पॉइंट' ही त्यांची उदाहरणे होत. गिलमन्स पॉइंट हे नाव १९२१ मध्ये तेथे पोहोचलेले अभियंते व भूगोलतज्ज्ञ क्लेमेंट गिलमन यांच्यावरून पडले.

मार्गाचे टप्पे

पुढील उंची, अंतरे व वेळ अंदाजे आहेत. निरनिराळ्या नकाशांत थोडाफार फरक आढळतो.

• मारांगू प्रवेशद्वार (१,८५० मीटर) ते मांडारा हट (२,७२० मीटर) : ८ किलोमीटर, ३ ते ४ तास
• मांडारा हट ते होरोम्बो हट (३,७२० मीटर) : १२ किलोमीटर, ५ ते ७ तास
• होरोम्बो हट ते किबो हट (४,७२० मीटर) : १० किलोमीटर, ५ ते ७ तास
• किबो हट ते गिलमन्स पॉइंट (५,६८५ मीटर) : ४ ते ५ किलोमीटर, ५ ते ६ तास
• गिलमन्स पॉइंट ते उहुरू शिखर (५,८९५ मीटर) : १ ते २ किलोमीटर, दीड ते २ तास

मांडारापर्यंत

प्रवेशद्वारापाशी नावनोंदणी होते आणि भारवाहकांच्या ओझ्यांचे वजन केले जाते. नंतरची वाट घनदाट पर्जन्यवनातून जाते. शेवाळलेली झाडे, नेचे, ओढे आणि वरचेवर उतरणारे धुके हे या टप्प्याचे स्वरूप आहे. मांडारापासून थोड्या अंतरावर माउंडी नावाचे जुने लहान विवर आहे. त्याच्या कडेवरून केनियाच्या दिशेचे मैदान दिसते. मुक्कामी पोहोचल्यावर तेथे जाऊन येण्याचा प्रघात आहे.

होरोम्बोपर्यंत

मांडारा सोडल्यावर जंगल संपते आणि एरिकाच्या झुडपांचा व गवताचा उघडा प्रदेश सुरू होतो. हवा स्वच्छ असल्यास येथून मावेन्झीचे सुळके आणि किबोचा घुमट प्रथमच एकत्र दिसतात. होरोम्बो हा मार्गावरील सर्वांत मोठा मुक्काम असून वर जाणारे, खाली उतरणारे आणि विश्रांतीसाठी थांबलेले असे तिन्ही प्रकारचे गट तेथे एकाच वेळी असतात. सहा दिवसांच्या कार्यक्रमात येथे दोन रात्री काढल्या जातात. मधल्या दिवशी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या 'झेब्रा रॉक्स' या कातळापर्यंत, म्हणजे सुमारे ४,००० मीटरपर्यंत, जाऊन पुन्हा होरोम्बोला उतरायचे असते.

किबोपर्यंत

होरोम्बोच्या वर काही अंतरावर पाण्याचे शेवटचे ठिकाण लागते. किबो हटजवळ पाण्याचा स्रोत नसल्यामुळे पुढील सर्व पाणी भारवाहक तेथून वर नेतात. त्यानंतर मावेन्झी व किबो यांना जोडणारे पठार येते. ते जवळजवळ सपाट असले तरी ४,००० मीटरहून उंच, उघडे व वाऱ्याचे आहे. झाडझाडोरा जवळपास नाहीच. दुपारी किबो हटला पोहोचल्यावर संध्याकाळी लवकर जेवून झोपण्याचा प्रयत्न केला जातो. या उंचीवर अनेकांना शांत झोप लागत नाही.

शिखराची रात्र

मध्यरात्रीच्या सुमारास कपाळावर दिवे बांधून अंतिम चढाई सुरू होते. रात्री निघण्यास कारणे आहेत. किबोचा हा उतार राख आणि सुट्या खडीचा घसारा आहे. रात्री तो गोठून घट्ट होतो आणि पावले कमी घसरतात. शिवाय सूर्योदयाच्या सुमारास विवराच्या कडेवर पोहोचल्यास दिवसाढवळ्या, ढग येण्यापूर्वी खाली उतरता येते. तापमान बहुधा शून्याखाली १० ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. सुमारे ५,१५० मीटरवरील हान्स मायर गुहेपाशी थोडा विसावा घेतात. तेथून वर नागमोडी वाट अधिक खडी होत जाते आणि शेवटी खडकांमधून गिलमन्स पॉइंटला पोहोचते.

गिलमन्स पॉइंट हे विवराच्या कडेवर आहे, सर्वोच्च स्थानी नाही. येथून उहुरूपर्यंत आणखी २१० मीटर उंची चढायची असते. वाटेत स्टेला पॉइंट (५,७५६ मीटर) लागतो आणि तेथे दक्षिणेकडून येणारे मार्ग येऊन मिळतात. कडेवरील वाट सौम्य असली तरी शरीर सर्वाधिक थकलेले असताना ती चालावी लागते. अनेक जण गिलमन्स पॉइंटवरूनच परततात. उद्यानातर्फे त्यांनाही तसे प्रमाणपत्र मिळते.

उतराई त्याच दिवशी होरोम्बोपर्यंत केली जाते. म्हणजे एका दिवसात सुमारे १,१७५ मीटर चढून २,१७५ मीटर उतरावे लागते. मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत चाललेल्या या श्रमांत पाय घसरून होणाऱ्या दुखापती उतरताना अधिक संभवतात. दुसऱ्या दिवशी होरोम्बोहून थेट प्रवेशद्वारापर्यंत उतरतात.

निवाऱ्यांतील व्यवस्था

मांडारा व होरोम्बो येथे लहान लाकडी घरांचे समूह आहेत. प्रत्येक घरात मोजक्या व्यक्तींसाठी फळ्यांचे पलंग व गाद्या असतात आणि जेवणासाठी स्वतंत्र दालन असते. किबो हट ही दगडी इमारत असून तेथे मोठ्या खोल्यांत एकावर एक पलंग आहेत. मांडारा व किबो येथे प्रत्येकी सुमारे ६०, तर होरोम्बो येथे १०० हून अधिक पर्यटकांची सोय होते. दिव्यांसाठी सौरऊर्जा वापरली जाते. खोल्या तापवण्याची व्यवस्था नसल्याने थंडीला पुरेशी स्लीपिंग बॅग प्रत्येकाला सोबत न्यावी लागते. स्वयंपाक प्रत्येक गटाचा आचारी करतो.

निवाऱ्यांत बाटलीबंद शीतपेये विकत मिळतात. त्यावरून या मार्गाला 'कोकाकोला मार्ग' असे टोपणनाव पडले. तंबूचा आणि अधिक खडा असलेला माचामे मार्ग त्याच्या तुलनेत 'व्हिस्की मार्ग' म्हणून ओळखला जातो. पावसाळी दिवसांत कोरडे छप्पर ही मारांगू मार्गाची खरी सोय ठरते.

वनस्पती आणि प्राणी

चार-पाच दिवसांत उष्ण कटिबंधातील शेतीपासून बर्फापर्यंतचे सारे पट्टे या मार्गावर ओलांडले जातात. सुमारे १,८०० मीटरपर्यंत केळी व कॉफीची शेती, २,८०० मीटरपर्यंत पर्जन्यवन, ४,००० मीटरपर्यंत झुडपे व गवत, ५,००० मीटरपर्यंत थंड वाळवंट आणि त्याच्या वर बर्फ व उघडा खडक अशी साधारण विभागणी केली जाते.

जंगलात काळ्यापांढऱ्या रंगाची, झुपकेदार शेपटीची कोलोबस माकडे व निळी माकडे आढळतात. तेरड्याच्या कुळातील, लालपिवळ्या फुलांची 'इम्पेशन्स किलिमांजारी' ही वनस्पती केवळ याच पर्वतावर आहे. होरोम्बोच्या परिसरातील प्रचंड आकाराची ग्राउंडसेल झाडे लक्ष वेधून घेतात. दिवसा कडक ऊन आणि रात्री गोठवणारी थंडी अशा हवेत टिकण्यासाठी ही झाडे वाळलेली पाने खोडाभोवती पांघरुणासारखी धरून ठेवतात. 'लोबेलिया डेकेनी' ही वनस्पती रात्री आपली पाने मिटून मधला कोंब झाकते. फॉन डेर डेकेन यांच्यावरून तिचे नाव पडले आहे. निवाऱ्यांभोवती पांढऱ्या मानेचे डोमकावळे आणि पट्टेरी उंदीर अन्नाच्या शोधात फिरत असतात.

१९२० च्या दशकात विवराच्या कडेजवळ एका बिबट्याचे गोठलेले कलेवर आढळले होते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९३६ मधील 'द स्नोज ऑफ किलिमांजारो' या कथेच्या आरंभी त्याचा उल्लेख येतो.

विरळ हवेचा आजार

समुद्रसपाटीच्या तुलनेत हवेचा दाब होरोम्बो येथे सुमारे दोन-तृतीयांश आणि उहुरू शिखरावर जवळजवळ निम्मा असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, पण प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्या मानाने कमी होतो. श्वासाची गती वाढवणे, रक्तातील बदल घडवणे अशा मार्गांनी शरीर याच्याशी जुळवून घेते. त्यासाठी दिवस लागतात आणि हा अवधी व्यक्तीच्या व्यायामाच्या सवयीवर अवलंबून नसतो. धडधाकट तरुण वेगाने चढतात आणि म्हणूनच आजारी पडू शकतात.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असे पर्वतीय वैद्यकातील सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. पाच दिवसांच्या मारांगू कार्यक्रमात ही वाढ त्याच्या दुप्पट असते. माचामे मार्गावर ४,६०० मीटरच्या आसपास असलेल्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून ४,००० मीटरखाली झोपायला उतरतात. 'उंच चढा, खाली झोपा' हे तत्त्व त्यात आपोआप पाळले जाते. मारांगू मार्गाची ठेवण सरळ चढत जाणारी असल्यामुळे ही संधी होरोम्बोच्या जादा दिवशीच मिळते. म्हणून खर्च वाचवण्यासाठी तो दिवस गाळणे अनेकदा महागात पडते. मार्गाची सोपेपणाबद्दलची ख्याती आणि शिखर न गाठता परतणाऱ्यांची मोठी संख्या यांतील विसंगतीचे हे प्रमुख कारण मानले जाते.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा आणि झोपमोड ही आजाराची सौम्य लक्षणे होत. ती बऱ्याच जणांत दिसतात. अशा वेळी अधिक उंची न गाठता थांबावे आणि लक्षणे वाढल्यास उतरावे, हा नियम आहे. चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, गुंगी येणे ही मेंदूला सूज आल्याची चिन्हे असू शकतात. विश्रांती घेऊनही धाप न थांबणे, सतत खोकला व फेसाळ थुंकी ही फुप्फुसांत पाणी साचल्याची चिन्हे होत. हे दोन्ही प्रकार काही तासांत जीवघेणे ठरू शकतात. प्राणवायू व औषधे यांनी थोडा अवधी मिळतो, पण खरा उपाय ताबडतोब खाली उतरणे हाच आहे. रुग्णाला नेण्यासाठी निवाऱ्यांजवळ चाक लावलेले स्ट्रेचर ठेवलेले असतात.

१९९६ ते २००३ या काळात किलिमांजारोवर मरण पावलेल्या २५ पर्यटकांच्या नोंदींचा वैद्यकीय अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ जणांचा मृत्यू विरळ हवेच्या आजाराने झाला होता. उरलेल्यांत अपघात, हृदयविकार, न्यूमोनिया इत्यादी कारणे होती. चढणाऱ्यांच्या एकूण संख्येच्या मानाने मृत्यू विरळ असले तरी त्यांतील मोठा भाग वेळीच उतरल्याने टळू शकणाऱ्या आजाराचा आहे. ॲसिटाझोलमाइड हे औषध प्रतिबंधासाठी वापरले जाते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे लागते आणि सावकाश चढाईला ते पर्याय ठरत नाही.

वाटाडे आणि भारवाहक

राष्ट्रीय उद्यानात परवानाधारक वाटाड्याशिवाय शिखराकडे जाता येत नाही. प्रत्येक गटासोबत वाटाडे, आचारी आणि भारवाहक असतात आणि त्यांची संख्या बहुधा पर्यटकांपेक्षा अधिक असते. यांतील बरेच जण चागा समाजाचे असले तरी टांझानियाच्या इतर भागांतूनही लोक या कामासाठी येतात. वाटेवर सर्वाधिक ऐकू येणारा स्वाहिली शब्दप्रयोग 'पोले पोले', म्हणजे 'हळूहळू', हा आहे. पावलांची गती इतकी मंद ठेवायची की चालताना बोलता यावे, असा वाटाड्यांचा दंडक असतो.

भारवाहकाने पर्यटकांचे व गटाचे सामान मिळून २० किलोग्रॅमपर्यंत ओझे वाहावे, अशी मर्यादा आहे. तथापि, अपुरे वेतन, थंडीला न पुरणारे कपडे व पादत्राणे, दिवसातून एकच जेवण आणि मर्यादेपलीकडील ओझी यांबद्दलच्या तक्रारी दीर्घकाळ होत आल्या आहेत. या प्रश्नांवर काम करण्यासाठी २००३ मध्ये 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' ही संस्था सुरू झाली. ती भारवाहकांना उबदार कपडे वापरण्यास देते आणि योग्य वेतन व वागणूक देणाऱ्या सहल कंपन्यांची नोंद ठेवते. भारवाहकांनाही विरळ हवेचा आजार होतो, पण रोजगार जाईल या भीतीने तो लपवला जाण्याची शक्यता असते. सहलीचा दर फार कमी असेल, तर त्याची झळ बहुधा वेतनाला किंवा मुक्कामाच्या दिवसांना पोहोचते.

हंगाम आणि तयारी

मार्च ते मे हा दीर्घ पावसाचा आणि नोव्हेंबर-डिसेंबर हा अल्प पावसाचा काळ आहे. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे महिने चढाईस अनुकूल मानले जातात. मांडाराच्या जंगलात मात्र कोणत्याही ऋतूत पाऊस येऊ शकतो. निवाऱ्यांतील जागा मर्यादित असल्याने आरक्षण सहल कंपनीमार्फत आधीच करावे लागते. पायांत रुळलेले बूट, एकावर एक घालता येतील असे कपडे, उबदार हातमोजे व टोपी, पावसाळी जाकीट, कपाळावरचा दिवा आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा चष्मा या आवश्यक वस्तू होत. शिखराच्या रात्री पाणी बाटलीतच गोठू शकते, म्हणून बाटली कपड्यांच्या आत ठेवतात किंवा मोज्यात गुंडाळतात.

पर्यावरणातील बदल

मायर आणि पुर्टशेलर यांना विवराच्या कडेपर्यंत बर्फ फोडत जावे लागले होते. आज मारांगू मार्गाने शिखरावर जाताना ताजी हिमवृष्टी नसल्यास बहुतेक वाट कोरड्या खडकावरून व राखेवरून जाते. किलिमांजारोवरील बर्फाचे क्षेत्र १९१२ मध्ये सुमारे १२ चौरस किलोमीटर होते. २००७ पर्यंत ते २ चौरस किलोमीटरहून कमी, म्हणजे सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. तापमानवाढ, घटलेला हिमवर्षाव आणि हवेतील कमी झालेला ओलावा यांचा यात वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत चर्चा आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये मांडारा व होरोम्बो यांच्या दरम्यानच्या व्होना या विसाव्याच्या ठिकाणाजवळ आग लागली आणि ती अनेक दिवस धुमसत राहिली. त्यात एरिकाच्या झुडपांचा मोठा पट्टा जळाला. या उंचीवरील वनस्पतींची वाढ संथ असल्याने असे नुकसान भरून येण्यास दीर्घ काळ लागतो.

अलीकडील घडामोडी

टांझानिया सरकारने २०१९ मध्ये पर्वतावर रज्जुमार्ग उभारण्याचा विचार जाहीर केला. वृद्ध व अल्पकाळ राहणाऱ्या पर्यटकांची सोय हे त्यामागील कारण सांगण्यात आले. रोजगार बुडेल या भीतीने वाटाडे व भारवाहकांनी त्यास विरोध दर्शवला. ऑगस्ट २०२२ मध्ये होरोम्बो येथे जलद इंटरनेट सेवा सुरू झाली. सुरक्षितता आणि मदतकार्यात संपर्क सुलभ व्हावा, हा तिचा एक उद्देश होता. उत्तरेकडून येणाऱ्या रोंगाई मार्गाचे गिर्यारोहकही सामान्यतः मारांगू मार्गानेच उतरतात. त्यामुळे होरोम्बो ते प्रवेशद्वार हा भाग पर्वतावरील सर्वाधिक वर्दळीच्या वाटांपैकी एक आहे.